कळसूत्री राजा ओळखायचा कसा : बागानच्या अखेरच्या राजांची सत्ता तपासण्याची रीत

ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) बागान (जुन्या पुस्तकांतले पगान) घराण्याची वंशावळ उघडली की शेवटाकडे चार नावे ओळीने येतात. 1287 मध्ये मारला गेलेला नरथिहपते, मग चॉस्वा, मग सॉ ह्नित आणि शेवटी उझना. चौघांच्याही पुढे 'राजा' लिहिलेले असते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिला खरोखर राज्य करत होता. दुसऱ्याच्या हातातून ते निसटत होते, तिसऱ्याकडे फक्त गादी होती आणि चौथ्याकडे घराण्याच्या नावाखेरीज फार काही उरले नव्हते. हा फरक पदवीवरून कळत नाही. तो कळायला तीन प्रकारची साधने शेजारी ठेवून ताळा घ्यावा लागतो, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो : या वर्षी चाउक्सेचा, म्हणजे राजधानी पोसणाऱ्या पाटपाण्याच्या पट्ट्यातला, भात कोणाच्या कोठारात जात होता?

टिपण, लेख किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने ही रीत पुढे दिली आहे. नावे, तारखा, साधने, कसोट्या हा क्रम बदलू नका. नावांचा घोळ मिटण्याआधी तारखांकडे गेलात, तर एका राजाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर चढते. ते पुढे सुधारताना सगळे टिपण उसवावे लागते.

आधी माणसे पक्की करा

प्रत्येक व्यक्तीसाठी एक कोरे पान घ्या. वर चार रकाने आखा : आजचे उच्चारण, शिलालेखातले जुने लेखन, पाली-संस्कृत मूळ रूप, चिनी नोंदीतले रूप. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक मोठा फायदा आहे. बर्मी उच्चारात मूळ 'स'चा 'थ' होतो आणि 'र'चा 'य'. एवढे ध्यानात ठेवले की परकी वाटणारी नावे ओळखीची होतात. नरथिहपते म्हणजे नरसिंहपती. थिहथू म्हणजे सीहसूर, आपला सिंहशूर. अथिनखया म्हणजे असंख्य. याझाथिंगयान या नावात 'राज' आणि 'संक्रम' दडलेले आहेत. थेइंगपती म्हणजे सिंहपती. रोमन लिपीतल्या पुस्तकांत 'के-वाय' अशी जोडी दिसली की ती 'क्य' न वाचता 'च' वाचायची. म्हणून 'क्यॉस्वा' नव्हे, चॉस्वा, आणि 'क्यौक्से' नव्हे, चाउक्से. बागानकाळच्या दगडावर मात्र याच नावात 'क्ल' हे जोडाक्षर असते. ते 'क्य' पुढच्या काळात झाले. अस्सल लेख आणि नंतरची नक्कल वेगळी करायला हा फरक पुढे कामी येणार आहे, म्हणून तो आत्ताच टिपून ठेवा.

आता सारख्या नावांच्या जोड्या फोडा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

चस्वा आणि चॉस्वा हे दोन वेगळे राजे आहेत. चस्वा तेराव्या शतकाच्या मध्यावर होऊन गेलेला, धर्मग्रंथांत रमणारा राजा. आपला चॉस्वा 1289 मध्ये गादीवर आला. पुढे बागाननंतरच्या पिन्या राज्याच्या गादीवरही चॉस्वा नावाचे दोघे बसले, त्यांचा इथे संबंध नाही.

उझना तिघे आहेत. नरथिहपतेचा बाप उझना बागानचा राजा होता आणि त्याची राजवट 1256 मध्ये संपली. बागानचा शेवटचा उझना हा सॉ ह्नितचा मुलगा. तिसरा पिन्याचा उझना. यात आणखी पेच असा की पिन्याचा उझना आणि बागानचा शेवटचा उझना दोघेही 1325 मध्येच पुढे येतात.

थिहथू दोघे. एक प्ये (प्रोम) इथला सुभेदार, नरथिहपतेचा मुलगा. त्याने 1 जुलै 1287 रोजी बापाचा जीव घेतला. दुसरा म्यिनसाइंगच्या तीन सरदार भावांतला धाकटा, पुढे पिन्याचा संस्थापक. दोघांना एक समजून लिहिलेली टिपणे सापडतात. मग बापाला मारणाराच मंगोलांशी लढल्याचा चमत्कार घडतो.

तीन भावांची ठाणीही याच पानांवर लिहा : थोरला अथिनखया म्यिनसाइंगला, मधला याझाथिंगयान मेक्खयाला, धाकटा थिहथू पिन्लेला. तिन्ही ठाणी चाउक्सेच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात आहेत आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

तारखेचा हिशेब

शिलालेखात वर्ष 'सकराज' या शब्दाने येते. तो बर्मी शक, इसवी सन 638 पासून मोजलेला. बर्मी परंपरेत हा शक आपल्याच शालिवाहन शकातून 560 वर्षे वजा करून निघाला असे मानतात, आणि आकडे तसेच जुळतात : बर्मी वर्षात 560 मिळवले की शालिवाहन शक, त्यात 78 मिळवले की इसवी सन.

1. तेराव्या शतकात बर्मी वर्ष मार्चच्या अखेरीस सुरू होत असे. तारीख वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर 638 मिळवा. जानेवारी ते मार्चअखेरची असेल तर 639. फेब्रुवारी 1293 मधली घटना म्हणूनच सकराज 654 मध्ये पडते, 655 मध्ये नाही. वर्षभराचा फरक पडलेल्या बहुतेक नोंदींचे मूळ या एका आकड्यात असते.

2. महिने चांद्र आणि आपल्यासारखेच अमावास्येला संपणारे. तागू हा चैत्राच्या जागी, कासोन वैशाखाच्या, मग नायोन, वासो, वागाउंग, तॉथलिन, थदिंजुत, तझाउंगमोन, नदॉ, प्याथो, तबोद्वे आणि शेवटी तबाउंग फाल्गुनाच्या जागी. पण आपले पंचांग उघडून थेट महिना जुळवू नका. आपल्याकडे अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत पडतो, बर्मी गणनेत तो फक्त वासोला येतो. त्यामुळे काही वर्षी दोन्ही गणनांत एका महिन्याचे अंतर पडते.

3. जुन्या लेखात 'ला छन्' म्हणजे शुद्ध पक्ष, 'ला छुत्' म्हणजे वद्य. पौर्णिमा नेहमी शुद्ध 15. वद्य पक्ष 14 किंवा 15 दिवसांचा.

4. वार तपासा. वारांची नावे ग्रहांचीच आहेत : बुद्धहू बुध, थाउक्चा शुक्र, सने शनी. आकडा झिजलेला असला तरी वार शाबूत असेल तर दोन-तीन शक्यतांतली एक निवडता येते. अनेक लेखांत बारा वर्षांच्या चक्रातले नक्षत्राच्या नावाचे वर्षही दिलेले असते. तो आणखी एक साक्षीदार.

एक उदाहरण करून पाहू. सॉ ह्नितला गादीवर बसवल्याची तारीख 8 मे 1299 अशी दिली जाते. वर्षारंभ होऊन गेलेला, म्हणून सकराज 661. जुलियन कालगणनेने त्या दिवशी शुक्रवार येतो आणि शुद्ध पक्ष अर्ध्यावर आलेला दिसतो. म्हणजे ज्या लेखात किंवा बखरीत ही घटना वद्य पक्षात किंवा सोमवारी टाकलेली आढळेल, तिथे थांबून पुन्हा वाचायचे. संगणकावरची रूपांतराची साधने पुष्कळदा ग्रेगोरियन तारीख देतात. त्यात हाच दिवस 15 मे येतो, कारण त्या काळी दोन्ही गणनांत 7 दिवसांचे अंतर होते आणि मार्च 1300 पासून ते 8 झाले. एका टिपणात एकच गणना ठेवा. मध्ययुगासाठी जुलियन ठेवण्याचा प्रघात आहे आणि तोच सोयीचा.

चिनी नोंदीत युआन (चीनवर राज्य करणारे मंगोल घराणे) बादशाह तेमूरच्या 'दादे' या राजवर्षाने तारीख येते. दादे 1 म्हणजे 1297, म्हणून राजवर्षात 1296 मिळवायचे. चिनी वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत सुरू होते, हे विसरले की घात होतो. युआन फौजेचा म्यिनसाइंगला वेढा 25 जानेवारी 1301 ला पडला. चिनी हिशेबात तो दादे 4 चा बारावा महिना आहे. नुसते 1296 मिळवून मोकळे झालात तर वेढा एक वर्ष आधी जातो.

तीन साधने, तीन रकाने

आता प्रत्येक घटनेपुढे तीन रकाने करा : दगड, बखर, चिनी दफ्तर. मजकूर एकमेकांत मिसळू नका. कुठली माहिती कुठून आली हे शेवटपर्यंत डोळ्यांपुढे राहिले पाहिजे.

दगड म्हणजे दानलेख. ते इतिहास सांगायला कोरलेले नाहीत. कोणी, कोणत्या विहाराला, किती जमीन, किती सेवेकरी दिले, दान मोडणाऱ्याला कोणता शाप, एवढाच त्यांचा विषय. म्हणून ते सत्तेबद्दल जे सांगतात ते नकळत सांगतात, आणि त्यातच त्यांची किंमत आहे. जमिनीचे माप 'पे', साधारण पावणेदोन एकर. 'ले' म्हणजे पाण्याखालचे भातशेत, 'या' म्हणजे कोरडवाहू. दानात ले किती आणि या किती हे वेगवेगळे टिपा. चाउक्सेतले 50 पे ले देणारा आणि बागानच्या माळावरचे 50 पे या देणारा हे एका तोलाचे नव्हेत.

अस्सल आणि नक्कल ओळखणेही इथेच आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा बोदॉपया याने गावोगावचे लेख गोळा करवून त्यांच्या नव्या दगडांवर नकला करवल्या. नकलकाराने जुने लेखन 'सुधारले', कधी आकडाही चुकवला. नक्कल ओळखायची खूण म्हणजे अक्षरे गोलसर वळणाची असतात आणि जिथे 'क्ल' हवे तिथे 'क्य' दिसते. बागानकाळची अक्षरे जास्त चौकोनी. तारखेसाठी नकलेवर एकटीवर कधीही विसंबू नका. ल्यूस आणि पे माऊंग टिन या अभ्यासकांनी 1933 ते 1956 दरम्यान पाच भागांत लेखांच्या ठशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. वाचनाबद्दल शंका आली की शेवटी ठसाच पाहावा लागतो.

बखरींना बर्मीत 'याझाविन' म्हणतात, म्हणजे राजवंश. ऊ कला याची 'महा याझाविन' 1724 ची, 'याझाविन थित' 1798 ची, 'ह्मन्नान' 1829 ते 1832 मधली. घटना आणि लेखन यांत चारशे-पाचशे वर्षांचे अंतर आहे हे त्यांच्या तारखांवरूनच दिसते. यांतली 'याझाविन थित' खास जपण्याजोगी, कारण तिच्या कर्त्याने शिलालेख पाहून आधीच्या बखरींच्या तारखा तपासल्या. 'झाटाडॉबोन' ही राजांच्या जन्मकुंडल्यांची जुनी यादी गोष्टी फारशा सांगत नाही. बागानच्या सनावळीसाठी मात्र तीच सर्वांत भरवशाची ठरते. बखरींतून नाती घ्या, विवाह घ्या, कोण कोणावर नाराज होते ते घ्या. राज्यारोहणाचे वर्ष मात्र दुसरीकडे ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

चिनी दफ्तर म्हणजे मुख्यतः 'युआन शि', 1370 मध्ये पुरा झालेला ग्रंथ. त्यात तारखा महिन्या-दिवसानिशी येतात, खंडणीचे आकडे येतात. अडचण नावांची. चॉस्वा शोधत बसलात तर तो तिथे कुठेच सापडणार नाही. 1297 च्या नोंदीत म्येन (ब्रह्मदेशाचे चिनी नाव) देशाच्या राजाचे नाव असे येते : दि-लि-पु-वा-ना-आ-दि-ति-या. सावकाश मोठ्याने वाचा. त्रिभुवनादित्य. हा चॉस्वाचा अभिषेकाचा किताब, आणि चिनी लेखनिकाने तो ऐकून अक्षरशः उतरवून घेतला. त्याच नोंदीत मुलाचे नाव शिन-हे-बा-दि, म्हणजे सिंहपती, बर्मी उच्चारात थेइंगपती. थोरला भाऊ अथिनखया तिथे आ-सान-गे-ये होतो आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे आ-सान-जी-या. एकाच माणसाची दोन माणसे होतात ती अशी. पहिल्या टप्प्यावर चार रकान्यांचे पान का करायला सांगितले ते इथे पटते.

कसोट्या लावताना

साधने मांडून झाली की प्रत्येक राजासाठी वर्षवार पाच गोष्टी शोधायच्या. भात कोणाकडे आहे? नेमणुका कोण करतो, आणि नेमलेला माणूस त्या मानतो का? राजाच्या किताबांत वाटेकरी कोण होऊ लागले आहेत? परक्या दरबारात वकील कोणाचा जातो? वारस कोण ठरवतो? पाचही उत्तरे राजाच्या बाजूची असतील तर तो राजा. पाचही विरुद्ध असतील तर नामधारी. खरा अभ्यास असतो तो मधल्या वर्षांचा.

भात पहिला का, हे नीट समजून घ्या, कारण नकाशा पाहिल्याशिवाय ते कळत नाही. बागान इरावतीच्या काठावर असले तरी कोरड्या प्रदेशात आहे. राजधानीचे पोट भरत असे ते चाउक्सेच्या अकरा आणि मिन्बूच्या सहा 'खरुइंगां'वर, म्हणजे पाटपाण्याच्या तालुक्यांवर. चाउक्सेत पनलाउंग आणि झॉजी या नद्यांवर बंधारे घालून पाट काढलेले होते. शतकानुशतके राजे आणि सरदार उत्तम जमिनी विहारांना देत गेले आणि त्या करातून सुटत गेल्या. उरलेल्या करपात्र भातशेतीवर राजाची पकड तेवढीच नाजूक झाली. अशा राज्यात चाउक्सेचे तीन किल्ले तीन सरदारांच्या हाती जाणे म्हणजे राजाच्या कोठीची किल्लीच जाणे.

आता चॉस्वा. नरथिहपते मेल्यावर जवळजवळ दोन वर्षे गादी रिकामीच होती. नरथिहपतेची विधवा राणी प्वा सॉ हिच्या पाठिंब्याने 30 मे 1289 रोजी चॉस्वा बसला. तोपर्यंत दक्षिणेत मोत्तमाला वरेरूने वेगळे राज्य मांडले होते आणि उत्तरेत तगाउंगपर्यंत मंगोल उतरले होते. नव्या राजाने तिघा भावांना चाउक्सेत कायम केले. हे त्याने केले म्हणावे की त्याला करावे लागले? भावांकडे तो मुलूख आधीच होता, राजाने शिक्का मारला. नेमणुकीची नोंद दिसली की ती सत्ता देते आहे की असलेली सत्ता मान्य करते आहे हे विचारा. राजाने 1293 मध्ये थोरल्याला दक्षिणेचा सुभेदार केले. तो दक्षिण मुलूख राजाच्या ताब्यातच नव्हता, आणि हातात नसलेला सुभा बहाल करणे ही कमजोरीची पक्की खूण आहे. त्याच वर्षीचा एक शिलालेख तारुकांना, म्हणजे चीनकडून आलेल्या फौजेला, थिहथूने हरवल्याचा दावा करतो. दगडावर आहे म्हणून तो खरा ठरत नाही, पण राजाच्या सरदाराचे असे गुणगान दगडावर चढू लागले होते हे मात्र नक्की ठरते.

1295 मध्ये थिहथू स्वतःला 'सिनब्यूशिन', पांढऱ्या हत्तीचा धनी, म्हणवू लागला. हा राजाचा किताब. तिसरी कसोटी इथे उलटली.

मग येते सर्वांत बोलकी नोंद. जानेवारी 1297 मध्ये चॉस्वाने थेइंगपतीला युआन दरबारी पाठवले, आणि 20 मार्च 1297 रोजी बादशाहाने त्याला म्येनचा राजा म्हणून मान्यता दिली. राजाने वर्षाला देऊ केलेली खंडणी 'युआन शि'त आहे : 2500 लिआंग चांदी, 1000 ताके कापड, 20 शिकवलेले हत्ती आणि 10,000 शि (धान्याचे चिनी माप) धान्य. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. धान्य आणायचे कुठून? एवढा साठा निघू शकेल असा पट्टा चाउक्सेचा, आणि तो भावांच्या हाती. आमच्या मते बंड पेटायला ही एकच ओळ पुरेशी होती. राजा भावांच्या कोठारातले धान्य परस्पर बादशाहाला कबूल करत होता, आणि त्या बदल्यात त्यांच्या डोक्यावर बसवायला मंगोल संरक्षण आणत होता. हा आमचा निष्कर्ष आहे, कुठल्या साधनात असा शब्दशः लिहिलेला नाही. तुम्हीही तो वापराल तर निष्कर्ष म्हणूनच वापरा.

म्हणूनच चॉस्वाला सरसकट 'कळसूत्री' म्हणणे चूक आहे. 1289 पासून तो दोरीला बांधलेला होता आणि 1297 मध्ये त्याने ती तोडायचा प्रयत्न केला. चौथी कसोटी, वकिलाची, त्या वर्षी त्याच्याच बाजूने लागते. 17 डिसेंबर 1297 रोजी भावांनी त्याला पदच्युत केले. बखरी सांगतात की विहाराच्या समारंभाला म्यिनसाइंगला बोलावून तिथेच चीवर घालायला लावले. 10 मे 1299 रोजी त्याला मारण्यात आले, म्हणजे मुलगा सॉ ह्नित गादीवर बसल्यानंतर दोनच दिवसांनी. या दोन तारखा शेजारी लिहा आणि थोडा वेळ पाहत राहा. नवा राजा बसेपर्यंत जुना जिवंत ठेवला होता.

सॉ ह्नित : बाहुला कशासाठी लागतो

सॉ ह्नितच्या पानावर पाचही कसोट्या विरुद्ध जातात, आणि तरीही तो 1325 पर्यंत टिकतो. 'दुबळा होता' एवढे लिहून पान उलटू नका. तो कोणाला, कशासाठी आणि किती काळ हवा होता, हे काळाचे तुकडे पाडून लिहा.

1299 ते 1301 हा पहिला तुकडा. मंगोलांनी मान्यता दिलेला राजा मारला गेला होता. भावांपैकी कोणी उघड गादीवर बसला असता तर त्याचा अर्थ सरळ बंड असा झाला असता. बागान साम्राज्याचा संस्थापक अनोरथा याच्या रक्ताचा मुलगा गादीवर असला की निदान म्हणायला जागा राहते. युआनांनी चॉस्वाचा दुसरा मुलगा कुमार कस्सप याला 22 जून 1300 रोजी राजा जाहीर केले आणि त्याला बसवायला फौज पाठवली. म्हणजे एकाच बापाचे दोन मुलगे, दोन्ही राजे, दोघेही दुसऱ्याच्या हातातले. कुमार कस्सपसाठीही वेगळे पान करा. तो सॉ ह्नितइतकाच नामधारी आहे, फक्त दोरी युनानच्या बाजूने होती.

वेढा 6 एप्रिल 1301 ला उठला. भावांनी सेनाधिकाऱ्यांना 800 लिआंग सोने आणि 2200 लिआंग चांदी चारली, म्हणजे साधारण 30 किलो सोने आणि 83 किलो चांदी. फौज परत गेली आणि गाओ चिंग व चाघानबुका या दोन अधिकाऱ्यांना लाच घेतल्याबद्दल देहदंड झाला. लाच बागानच्या राजाने दिली नाही, म्यिनसाइंगच्या भावांनी दिली. वेढाही बागानला पडला नाही, म्यिनसाइंगला पडला. मंगोलांना सत्ता कुठे आहे ते चांगले ठाऊक होते.

एप्रिल 1303 मध्ये युआनांनी इथला प्रांत मोडीत काढून तगाउंग सोडले. बाहेरची भीती संपली की बाहुल्याची गरज कमी होते, आणि नोंदी तेच दाखवतात. 20 एप्रिल 1309 ला, थोरला अथिनखया जिवंत असतानाच, थिहथूने स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवला, आणि थोरला 13 एप्रिल 1310 ला वारला. 7 फेब्रुवारी 1313 ला त्याने पिन्या वसवले. तिथून पुढे सॉ ह्नितला 'राजा' लिहायचे असेल तर 'बागानचा' हे विशेषण सोडू नका. त्याची सत्ता शहर आणि आसपासपुरती उरली होती.

तरीही थिहथूला बागानचे रक्त हवेच होते, फक्त आता दुसऱ्या मार्गाने. चॉस्वाची राणी मी सॉ ऊ ही नरथिहपतेची मुलगी. थिहथूने तिला आपली राणी केले आणि चॉस्वापासून झालेल्या तिच्या मुलाला आपला म्हणून वाढवले. तोच पिन्याचा उझना, थिहथूच्या मागून गादीवर आलेला. वारसाची कसोटी इथे रंजक होते : मारलेल्या राजाचा एक मुलगा बागानला नामधारी राहिला आणि दुसरा मारणाऱ्याच्या घरात वाढून राजा झाला.

नेहमी होणाऱ्या चुका

'तीन शान भाऊ' हा शब्दप्रयोग अजून सर्रास होतो. फेअरच्या 1883 च्या इतिहासापासून तो रुजला. इतिहासकार मायकेल आँग-थ्विन यांनी मूळ साधने तपासून दाखवले की भावांना शान ठरवणारा पुरावा फारच तोकडा आहे. शिलालेखांत ते बागानच्या राजसेवेतून वर आलेले अधिकारी दिसतात. 'म्यिनसाइंगचे तीन भाऊ' लिहा, भागते.

दुसरी चूक चॉस्वाच्या शिराची. मंगोल फौज दाराशी आल्यावर भावांनी राजाचे शिर दाखवून 'आता कोणासाठी लढता' असे विचारल्याची गोष्ट बखरींत रंगून येते. तारखांचा रकाना भरलेला असेल तर ती आपोआप गळते : राजा मे 1299 मध्ये मेला, फौज जानेवारी 1301 मध्ये आली. कुमार कस्सपला 1300 मध्ये राजा जाहीर केले तेच मुळी बाप मेल्याची खबर पोचली होती म्हणून.

'मंगोलांनी बागान बेचिराख केले' हेही जपून लिहा. मंगोलांनी शहर प्रत्यक्ष घेतले का यावरच अभ्यासकांत एकमत नाही. आणि घराणे 'संपले' कधी, याची 1287, 1297 आणि 1369 अशी तीन उत्तरे पुस्तकांत मिळतात. तिन्हींत अर्थ वेगळा आहे : साम्राज्य मोडले, सत्ता गेली, नाव पुसले. लिहिताना कोणता अर्थ घेतला ते त्याच वाक्यात सांगा.

शेवटची नोंद कशी लिहावी

पाने भरून झाली की प्रत्येक राजाची नोंद तीन-चार ओळींत उतरवा. पदवी आधी लिहू नका, ती शेवटी येऊ द्या. नमुना असा :

'सॉ ह्नित. चॉस्वाचा मुलगा. 8 मे 1299 रोजी म्यिनसाइंगच्या भावांनी गादीवर बसवला. चाउक्से भावांकडे, युआनांशी व्यवहार भावांकडे, 1309 नंतर सार्वभौम किताब थिहथूकडे. अंमल बागान शहर व परिसर. मृत्यू 1325. पदवी : राजा, नामधारी.'

उझनाची नोंद याहून आखूड होईल. 1325 ला बापाच्या जागी आला, आधी पिन्याच्या आणि मग 1365 पासून अवा राज्याच्या छायेत राहिला, 1368-69 च्या सुमारास गेला. 'परक्या दरबारातला वकील' हा त्याच्या पानावरचा रकाना कोराच राहतो. तो तसाच कोरा ठेवा, बखरीतले काही ओढून आणून भरू नका.